महिन्याची यादी कोणाकडे जाते?

छोट्या दुकानदाराचं वाईट व्हावं असं वाटणारा माणूस नागपुरात शोधून सापडणार नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने कायमचं शटर पाडलं की आपल्याला मनापासून वाईट वाटतं, अरे बाप्पा, कधी बंद केलं, परवाच तर दूध नेलं होतं याच्याकडून, असं आपण शेजाऱ्याला म्हणतो. मुद्दा तिथेच आहे, आपण फक्त दूध नेत होतो. साखर संपली तर पावभर साखर, पाहुणे आले तर बिस्किटाचा पुडा, रात्री साडेनऊला मच्छरची कॉइल, आरतीच्या वेळी आठवलेला कापूर. आणि जी खरी खरेदी, म्हणजे दहा किलो तांदूळ, पाच लिटर तेलाचा डबा, तूरडाळ, चहापत्ती, साबण, कपड्याची पावडर, ती महिन्याची अख्खी यादी मॉलमध्ये जाते नाहीतर मोबाईलवरून दहा मिनिटात घरी येते. अडीअडचणीच्या खरेदीवर दुकान जगत नाही भाऊ. मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि सोबत हेही की यादी दुकानात परत नेण्यात दुकानदारापेक्षा आपला फायदा जास्त आहे, यात दया दाखवायचा प्रश्नच येत नाही.

दुकानाचं गणित बाहेरून दिसत नाही म्हणून थोडं सांगतो. दुधाच्या पिशवीवर सुटतं ते अगदी किरकोळ, त्यात फ्रीजचं लाइट बिल वेगळं. पॅकबंद मालाची छापील किंमत कंपनी ठरवते आणि दुकानदाराला काय सुटणार तेही कंपनीच ठरवते. त्याचा हात थोडा मोकळा असतो तो सुट्या मालात, डाळ, तांदूळ, गूळ, पोहे, शेंगदाणे, जिरं-मोहरी, आणि हा सुटा माल मोठ्या प्रमाणात उचलला जातो तो महिन्याच्या यादीतच. यादी आली की माल फिरतो, माल फिरला की इतवारीच्या थोक बाजारातून ताजा माल येतो. यादी गेली की तांदळाचा कट्टा पडून राहतो, कंपनीचा सेल्समन दर आठवड्याला यायचा तो महिन्यातून एकदा डोकावतो, दुकानदार माल कमी भरायला लागतो, मग आपण म्हणतो याच्याकडे तर काहीच मिळत नाही आणि उरलीसुरली साखरसुद्धा ॲपवर मागवतो. दुकानाच्या पाटीवर धूळ दिसायला लागते तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं असतं.

आता आपला फायदा काय म्हणाल तर किराणा जरा बाजूला ठेवा आणि कूलरचं उदाहरण घ्या, नागपूरकराला ते लगेच पटेल. आपला साधा पत्र्याचा कूलर पाहा. लोखंडी बॉडी, तीन बाजूंना ताट्या, त्यात वुडवुल म्हणजे लाकडाचा बारीक कीस नाहीतर खस, खाली पाण्याचा टप, टपात छोटासा पंप आणि समोर एक्झॉस्ट फॅन, संपलं. प्रत्येक पार्ट सुटा मिळतो. मार्च संपत आला की मेकॅनिक दारात येऊन बसतो, गेल्या वर्षीची वुडवुल आपल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने दगडासारखी झालेली असते ती ओढून काढतो, जाळीवरचा क्षार पान्याने ठोकून झाडतो आणि नवीन भरतो. ती भरण्यात खरी कारागिरी आहे, जास्त दाबली तर हवा ओढली जात नाही आणि सैल सोडली तर ओली होऊन खाली बसते, वरती कोरडी फट पडते आणि दुपारी त्या फटीतून झळा आत येतात. पंप उघडून त्यातले केस न शेवाळ काढतो. पातं बोटाने फिरवून कान लावतो आणि म्हणतो, काकू, बुश थोडा आवाज करून राहिला, पण हा सीझन निघून जाईल, पुढच्या वर्षी बदलू. त्याला तिथल्या तिथे नवीन मोटर गळ्यात मारता आली असती, काकूंना काय कळणार होतं? पण त्याला पुढच्या मार्चमध्ये याच गल्लीत यायचं असतं, आणि शेजारच्या चार घरी याच काकू त्याचं नाव सांगणार असतात.

आमच्या ओळखीत एकांनी गेल्या उन्हाळ्यात ऑनलाइन एक चकचकीत प्लास्टिकचा कूलर घेतला, स्वस्त पडला म्हणून खूष होते, आणि मे महिन्यात त्याची मोटर गेली. तक्रार केली, नंबर मिळाला, तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे असे मेसेज येत राहिले, पार्ट काही आला नाही. गल्लीतल्या मेकॅनिकने उघडून पाहिलं तर मोटर अशी बसवलेली की बाजारातली दुसरी तिथे बसतच नाही. आता कायदा काय म्हणतो पाहा. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे कंपनीने तक्रारीची पोच ४८ तासात द्यायची आणि तक्रार एक महिन्यात निकाली काढायची. कागदावर एक महिना फार वाटत नाही. पण नागपुरात पारा ४५ च्या वर असताना, घरात म्हातारं माणूस नाहीतर तान्हं लेकरू असताना, एक महिना कूलरशिवाय काढून दाखवा. संध्याकाळपर्यंत येणारा मेकॅनिक ही त्या लोखंडी कूलरच्या किमतीतली गोष्ट आहे, ती बिलावर लिहिलेली नसते म्हणून आपण ती हिशोबात धरत नाही आणि हजार रुपये वाचले असं समजतो.

चक्कीचंही असंच. दळण टाकणारा माणूस गव्हाची मूठ उचलून सांगतो की हा ओला आहे, आणखी एक ऊन द्या मग आणा, नाहीतर पीठ टिकायचं नाही. आणि एप्रिल-मे मध्ये मिरची कांडपावर जी गर्दी असते ती तर आपल्याकडच्या बायकांनी शोधलेली सगळ्यात पक्की क्वालिटी तपासणी आहे. भिवापूरची मिरची आपल्याच जिल्ह्यातली, तिला जीआय मानांकन मिळालेलं आहे, ती आणून, गच्चीवर वाळवून, देठं खुडून, डबा घेऊन कांडपावर जायचं आणि नाकाला पदर लावून, शिंका देत समोर उभं राहायचं, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं ते डोळ्यांनी पाहायचं. रंग घातला का, भुसा मिसळला का, हा प्रश्नच उरत नाही. पाकिटावर कितीही शिक्के असले तरी ही खात्री पाकीट देऊ शकत नाही.

पैसा कुठे जातो हाही विचार करा. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच किलो तूरडाळ घेतली तर ती बहुतेक कळमना मार्केट नाहीतर इतवारीतून आलेली असते, डाळ मिल नागपुरातच पुष्कळ आहेत, कट्टा उचलणारा हमाल इथला, आणून देणारा छोटा हत्तीवाला इथला, आणि दुकानदाराला जे सुटलं त्यातून त्याच्या पोरीची ट्यूशन फी जाते, शिंप्याकडे ब्लाऊज जातं, रविवारी सावजीत मटण खाल्लं जातं, गणपतीच्या आधी चितारओळीत मूर्तीचा ॲडव्हान्स दिला जातो. तोच रुपया शहरात चार हात फिरतो. मोठ्या कंपनीकडून घेतलं तर इथे गोदामातल्या पोरांचा पगार न डिलिव्हरीवाल्याची मजुरी राहते, तीही आपलीच पोरं आहेत, उन्हातान्हात गाडी चालवतात आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण नफा, जाहिरातीचा पैसा, सॉफ्टवेअरचा पैसा, मोठे पगार सगळं शहराबाहेर जातं.

नागपूरला तर हे अनुभवाने कळायला पाहिजे. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये इथे एम्प्रेस मिल सुरू केली, पिढ्यानपिढ्या लोकांची चूल तिच्या भोंग्यावर पेटली, ती बंद पडली आणि आज त्या जागेवर मॉल न टॉवर उभे आहेत. ज्या सावजी जेवणाचं आपण देशभर कौतुक करतो ते हलबा कोष्टी समाजाचं, म्हणजे विणकरांचं जेवण. हातमाग बसत गेले तसं त्यातल्या कित्येक घरांना घरच्या मसाल्याने आणि खानावळीने सावरलं. मोठा कारखाना गेला की एका झटक्यात जातो, हजार छोटे धंदे एकाच दिवशी बंद पडत नाहीत, त्यातले काही पडतात, काही नवीन उभे राहतात, आणि शहर चालत राहतं.

पण मला सगळ्यात जास्त ज्या गोष्टीची काळजी वाटते ती वेगळीच आहे, उधारीची वही. ऑटोवाला, घरकाम करणारी ताई, शनिवारी हप्ता मिळणारा मिस्त्री, पानठेल्यावर बसणारा पोरगा, यांना बँक क्रेडिट कार्ड देत नाही आणि ॲप काही वहीत लिहून ठेवत नाही. यांचा महिना किराणा दुकानाच्या वहीवर निघतो. ना फॉर्म ना व्याज, शंभर ग्रॅम तेल, दहाचं जिरं, पावशेर डाळ, लिहून ठेव भाऊ, शनिवारी देतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ॲपवर स्लॉट मिळत नव्हते तेव्हा कित्येक वस्त्या याच वहीवर जगल्या, आणि त्यातले काही पैसे नंतर कधीच आले नाहीत हे दुकानदारांना विचारा, ते सांगतील. आता मला सांगा ही उधारी द्यायला दुकानदाराकडे पैसा येतो कुठून? आपल्याकडून. पगारदार घराची तीन-चार हजाराची यादी एक तारखेला निघते, पैसे लगेच यूपीआयने जातात, त्या रोख पैशावर तो थोकवाल्याला चुकता करतो आणि उरलेल्या जोरावर पंधरा घरांना शनिवारपर्यंत थांबू शकतो. आपण यादी काढून घेतली तर त्याच्याकडे उरतात फक्त उधारीचे गिऱ्हाईक, आणि फक्त उधारीच्या गिऱ्हाइकावर दुकान किती दिवस चालणार? पहिले तो उधारी बंद करतो, मग दुकान. आपल्याला काय, आपण फोनवरून मागवतो, पण आपल्याच घरी भांडी घासणाऱ्या ताईला मग पावशेर डाळीसाठी खाजगी सावकाराकडे हात पसरावा लागतो. आपण डिस्काउंट घेतला, त्याची किंमत तिने भरली. हे मला पटत नाही, अजिबात पटत नाही.

भावाचं म्हणाल तर भाव कमी असतो, काही वस्तूंचा नक्की असतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. ज्या घरात खरंच एकेक रुपया मोजावा लागतो त्यांनी जिथे स्वस्त तिथे घ्यावं, त्यांना उपदेश करायचा अधिकार मला नाही. मी बोलून राहिलो ते ज्यांना परवडतं त्यांच्याबद्दल. आणि त्यांनीही एकदा कागद-पेन घेऊन हिशोब करावा. साबण-शाम्पू ॲपवर स्वस्त पडतो, पण सुटी डाळ, गूळ, शेंगदाणे किलोच्या भावाने लावून पाहा, दुकानात कित्येकदा कमी पडतं, शिवाय फ्री डिलिव्हरीसाठी टोपलीत टाकलेली शंभर रुपयाची नको असलेली वस्तू, हँडलिंग चार्ज, हे सगळं धरा. दुसरं म्हणजे हा डिस्काउंट येतो कुठून तेही पाहा. कंपनी मोठी आहे, थोकात घेते, तो भाग रास्त आहे. पण बराचसा डिस्काउंट गुंतवणूकदारांच्या पैशातून येतो, आधी सवय लावायची, बाजार हातात घ्यायचा, मग भाव आणि चार्ज हळूहळू वाढवायचे. परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजाराने स्वतःचा माल ठेवून विकू नये आणि भावावर दबाव आणू नये असे केंद्राचे नियम आहेत, १ फेब्रुवारी २०१९ पासून ते आणखी कडक झाले, म्हणजे धोका सरकारलाही दिसला होता. नियम कागदावर आहेत, अंमलबजावणीबद्दल व्यापारी संघटना ओरडून राहिल्या, आणि तोपर्यंत कोपऱ्यावरचं दुकान थांबणार आहे का?

दुकानदारांनाही दोन शब्द ऐकवतो कारण त्यांची बाजू घ्यायची म्हणजे त्यांच्या चुकांवर पांघरूण घालायचं असं नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर कूलिंगचे दोन रुपये जास्त घेणं हे बेकायदेशीर आहे, छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, आणि हे सगळ्या शहरात खुलेआम चालतं. तारीख उलटून गेलेला पुडा पुढे सरकवणं, बदलून मागितलं तर कपाळाला आठ्या घालणं, बिल मागणाऱ्याला चोरासारखं पाहणं, यानेच कित्येक गिऱ्हाईक गेले. जीएसटी नंबर नसेल, फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखाच्या उलाढालीपर्यंत तो घ्यावा लागत नाही, तरी साध्या कागदावर वस्तू, भाव न तारीख लिहून द्यायला काय जातं? गिऱ्हाइकाने मागावं, मिळालं नाही तर आग्रह धरावा, जास्त पैसे घेतले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. फक्त एक आहे, समोर उभं राहून भांडता येतं. ज्याच्याशी भांडता येतं त्याला सुधरवताही येतं, कस्टमर केअरच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाशी कोण भांडणार.

आणि पैसे वेळेवर द्या, हे मी हात जोडून सांगतो. किराणावाल्याला आपण रोख देतो पण मंडपवाला, कॅटरिंगवाला, फोटोवाला, प्रिंटिंग प्रेसवाला, शिवणकाम करणारी ताई यांचे पैसे आपण लटकवतो. लग्नात सोन्याचं बिल त्याच दिवशी चुकतं होतं आणि मंडपवाल्याची बाकी पुढच्या दिवाळीपर्यंत जाते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसात पैसे द्यावे लागतील असा कायदा २००६ चा आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, पण किती छोटे धंदेवाले आपल्या मोठ्या गिऱ्हाइकावर केस टाकतील? टाकली की पुढचं काम गेलं. ऑफिसात, संस्थेत, सोसायटीत ज्यांच्या सहीने बिल पास होतं त्यांनी ही एक सही वेळेवर केली तरी छोट्या धंद्याला कोणत्याही योजनेपेक्षा जास्त मदत होईल.

ठेलेवाल्यांबद्दल बोलल्याशिवाय नागपूरच्या बाजाराचं बोलणं पूर्ण होत नाही. सीताबर्डीच्या मेन रोडवर दुकानदार आणि फेरीवाले यांचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे, कोर्टापर्यंत गेलं आहे, दुकानदार म्हणतो मी भाडं-टॅक्स भरतो आणि माझ्या दारासमोर हा उभा, फेरीवाला म्हणतो मी जाऊ कुठे. दोघांचंही खरं आहे आणि दोघेही छोटेच आहेत. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात रस्ता ठरलेला आहे, आधी सर्व्हे, मग प्रमाणपत्र, मग जागा ठरवायची, आणि शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांमधूनच घ्यायचे. ते नीट केलं तर दुकानाची वाटही मोकळी राहते आणि ठेल्यालाही रोज अतिक्रमणाच्या गाडीची भीती राहत नाही. २०२० मध्ये केंद्राच्या पीएम स्वनिधी योजनेतून ठेलेवाल्यांना दहा हजाराचं पहिलं कर्ज मिळायला लागलं, चांगलं झालं, पण कर्जाने घेतलेला तराजू जर महिन्यात दोनदा जप्त होणार असेल तर कर्ज फेडायचं कसं? मत मागायला येणाऱ्याला आपण रस्ता न नाली विचारतो, हेही विचारलं पाहिजे.

राहिला वेळेचा प्रश्न, कारण दोघे नोकरीवर असलेल्या घरात तो खराच आहे, इतवारीत जाऊन गाडी कुठे लावायची इथूनच डोकं दुखतं. त्यासाठी इतवारीत जायची गरज नाही. बहुतेक किराणावाले आता व्हॉट्सॲपवर यादी घेतात, पोरगा संध्याकाळी घरी आणून देतो, पैसे यूपीआयने जातात, तुमचा तांदूळ कोणता आणि पोहे जाड लागतात की पातळ हे तिसऱ्या महिन्यापासून सांगावंही लागत नाही. येत्या एक तारखेला यादी आधी त्याला पाठवा, मागच्या महिन्यातल्या ॲपच्या बिलाशी भाव लावून पाहा, कुठे जास्त लावला असेल तर तोंडावर सांगा, तो कमी करेल नाहीतर कारण सांगेल. आणि जे त्याच्याकडे खरंच मिळत नाही तेवढंच ॲपवरून मागवा.